पानाच्या माथ्यावरची ओळ

अकोल्याच्या काकांचा फोन आला की मी आधी गॅस बंद करते आणि मग उचलते. काका वधू-वर सूचक केंद्र चालवतात, आणि लग्नं जुळवणाऱ्या माणसाचं बोलणं लवकर संपत नाही. त्या दिवशी मात्र ते एकच वाक्य बोलले. "ताई, आपली साइट सगळी लाल झाली, जरा पाहून घ्या." आणि त्यांनी ठेवून दिला. माझी भाजी उगाच अर्धकच्ची राहिली.

मी अमरावतीला घरी बसून लोकांच्या वेबसाइटी सांभाळते. नव्या बांधत नाही असं नाही, पण माझं बरंचसं काम म्हणजे दुसऱ्या कुणी बांधलेल्या, अर्धवट सोडलेल्या साइटी ताळ्यावर आणणं. बांधणारा पैसे घेऊन गेलेला असतो, त्याचा नंबर लागत नसतो, आणि मालक माझ्याकडे असे बघतात की जणू मीच त्यांना फसवलं. काकांची साइटही अशीच माझ्या गळ्यात पडलेली. मुलामुलींची पानं, त्यांवर शिक्षण, नोकरी, उंची, अपेक्षा. नाव दिसत नाही, नोंदणी क्रमांक दिसतो.

लाल म्हणजे काय झालं होतं ते सांगते, नाहीतर पुढचा माझा राग कळायचा नाही. कुठल्याही साइटच्या पानावर माथ्याशी एक बारीक ओळ असते. मुख्यपान, मग बाण, मग विभाग, मग बाण, मग उपविभाग, असं करत करत तुम्ही जिथे आहात तिथपर्यंत. हे पान कुणाच्या पोटात आहे, ते कुणाच्या पोटात आहे, हे सांगणारी ओळ. आमच्या धंद्यात तिला ब्रेडक्रम्ब म्हणतात, म्हणजे पावाचा चुरा. वऱ्हाडात भाकरीचा चुरा म्हणायला हरकत नव्हती, पण आम्हाला कोण विचारतं! ही ओळ एकदा माणसांना दिसावी म्हणून लिहायची आणि एकदा आतून, यंत्राला वाचता यावी म्हणून. पहिली पायरी, तिचं नाव, तिचा पत्ता. दुसरी पायरी, तिचं नाव, तिचा पत्ता. कुणी सर्च केलं की निकालात तुमच्या पानाच्या नावासोबत हीच ओळ दिसते. एखाद्या पायरीचं नाव लिहायचं राहिलं की सर्च कंपनीकडून त्रुटींचा अहवाल येतो, आणि त्या अहवालातला आकडा लाल असतो.

मी अहवाल उघडला. सगळ्या पानांवर एकच तक्रार होती, पायरीला नाव नाही. एकेक पान उघडून पाहत गेले. लाल झालेली सगळी पानं बौद्ध मुलामुलींची होती. दोन-चार इतर असतील, तेवढी सोडून.

साइट बांधणाऱ्याने ओळ अशी आखली होती: मुख्यपान, धर्म, जात, जिल्हा, नोंदणी क्रमांक. आमच्या लोकांनी धर्माच्या जागी बौद्ध लिहिलं आणि जातीची जागा रिकामी सोडली, कारण तिथे लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतं. आजोबा-पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन ते सगळं सोडून दिलं होतं. म्हणजे पायरी होती आणि नाव नव्हतं, म्हणून लाल. ज्याने ही साइट बांधली त्याच्या डोक्यात जात नसलेला माणूसच नव्हता. माझीही जागा त्या ओळीत रिकामीच निघाली असती. मी स्वतः बौद्ध घरातली.

काकांना फोन करून सांगितलं की ही ओळ नव्याने आखावी लागेल, दोन दिवस थांबा, तोवर काही करू नका. सेमाडोहच्या एका मुक्कामाच्या जागेचं बुकिंग बंद पडलं होतं, लोक जंगल बघायला निघालेले आणि खोल्या मिळेनात, ते काम आधी होतं. काका म्हणाले, "तुमी निवांत करा ताई, आपल्याले काई घाई नाई." घाई नसलेला माणूस किती घाण करू शकतो हे मला तेव्हा कळायचं होतं.

त्या साइटवर माझ्या मामेबहिणीचं पान होतं. मीच टाकलं होतं. मामा तिवश्याला राहतात, आणि ती धारणीकडे नर्स आहे. पोरगी कामाची, बोलायला रोखठोक, दिसायला चांगली. पण धारणीचं नाव निघालं की स्थळं परत जायची. बदली कधी होणार, तिथे रस्ते कसे, रात्री-बेरात्री जीपने जावं लागतं का, असले प्रश्न विचारून लोक चहा पिऊन उठायचे. यावेळी अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत. त्याला धारणीचं काही वाटलं नव्हतं, उलट त्याने तिला मेळघाटातल्या बाळंतिणींबद्दल विचारलं होतं, आणि ती मला फोनवर पहिल्यांदा हसत हसत त्याच्याबद्दल बोलली होती. तिला तो आवडला होता. पाहुणे येत्या रविवारी तिवश्याला यायचे ठरले होते.

सेमाडोहचं काम उरकत आलं आणि मामांचा फोन आला. नमस्कार नाही, जयभीम नाही.

"काहून लिवलं तू असं?"

"काय लिवलं मामा?"

"तुले नाई माहीत? तूच टाकलं न तिचं पान? हिंदू लिवलं तिच्यात. अन् त्याच्यापुढं ते लिवलं." ते म्हणजे काय हे त्यांच्या तोंडून निघेना. मग एकदम आवाज चढला. "आमच्या बापानं ज्याच्यावर थुकलं ते तू इंटरनेटवर लिवून मोकळी झाली! पाहुणे येत नाई म्हनते. म्हातारा म्हनते, ज्या घराले आपण कोन हाये हेच लिवता येत नाई त्या घरची पोरगी आपल्याले नको."

म्हातारा म्हणजे मुलाचे आजोबा. मी मामांशी बोलता बोलताच कॉम्प्युटरवर बहिणीचं पान सर्च करून काढलं. निकालात पानाच्या नावासोबत ती ओळ होती: मुख्यपान, बाण, हिंदू, बाण, आमची जुनी जात, बाण, अमरावती. ते नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत नाही त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. पान उघडलं तर आत तिच्या माहितीत धर्म बौद्ध असंच होतं, मी लिहिलं होतं तसं. फक्त माथ्यावरची ओळ बदलली होती. मामांना म्हटलं, "मी नाई केलं. कोनं केलं ते पाहून येतो." मामांना ते पटलं नाही. साइटचं काम करणारी घरात मी एकटीच, मग दोष दुसऱ्या कुणाला देणार!

बहिणीचा फोन त्यानंतर आला. ती रडत वगैरे नव्हती. म्हणाली, "ताई, तू लिवलं नसन हे मले माहीत हाये. पण ज्यानं लिवलं त्याच्याकून काढून घे. अन् त्यायले समजावून सांग. मले हे स्थळ जाऊ द्याचं नाई." एवढं सरळ तिने मला कधी काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी पकडून मी अकोल्याला गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी काकांना काय काय बोलायचं याची मनात उजळणी करत होते. समोर बसलेल्या बाईने मला विचारलं, बरं वाटत नाही का. मी ओठ हलवत होते म्हणे.

काकांचं केंद्र एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. भिंतीवर जुळलेल्या जोड्यांचे फोटो, प्लास्टिकच्या खुर्च्या, कूलर. काका मला बघून खूश झाले. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "पाहा ताई, मी सोताच भरलं. पोरानं सांगतलं, रिकामं हाये म्हनून लाल येते, भरलं का जाते. भरलं. एकेक बसून भरलं."

"कसं भरलं? लोकांनी तर लिहून दिलं नव्हतं."

"आता त्यात काय लिवून द्याचं?" काका हसले. "आडनावावरून कळते न."

आडनावावरून कळतं. वऱ्हाडात नवा माणूस भेटला की नाव विचारतात, आणि नाव सांगून झालं की "पूर्ण नाव?" असं विचारतात. मग गाव. मग त्या गावातले अमके तुमचे कोण. चहा येईपर्यंत समोरच्याने तुम्हाला तुमच्या खणात ठेवून दिलेलं असतं, आणि मग तो निवांत पावसापाण्याचं बोलतो. मी शाळेत असल्यापासून हे बघते आहे. मास्तरांनी, घरमालकांनी, पोस्टातल्या बाबूने, सगळ्यांनी केलेलं. काकांनी तेच केलं होतं, फक्त एका बैठकीत आणि कॉम्प्युटरवर. आणि त्या साइटच्या रचनेत प्रत्येक जात हिंदू या खणाखाली टाकून ठेवलेली होती. जात निवडली की ओळीतला तिच्या आधीचा धर्म आपोआप बदलायचा. काकांना ते माहीतही नव्हतं. त्यांनी एक खूण केली आणि आमच्या दोन पिढ्यांनी जे घट्ट धरून ठेवलं होतं ते गेलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक बाप आणि त्याचा तरणाताठा मुलगा आत आले. शहराच्या बाहेर त्यांची भाजी आणि फुलांची बाग आहे, हे पुढे बोलण्यातून कळलं. बापाचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आमची पोरगी कोनत्या खान्यात टाकली तुमी?" त्याने काकांच्या टेबलावर हात आपटला. "आमाले काय समजलं? सोयरे फोन करून इचारून रायले आमाले!"

त्यांच्या आडनावाची घरं आमच्यातही आहेत. त्यांनीही जातीची जागा चुकून रिकामी सोडली असणार. काकांनी आडनाव वाचलं, आणि त्यांची मुलगी आमच्या जुन्या खणात जाऊन बसली.

काकांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले, हात जोडले, "माफ करा भाऊ, लय मोठी चूक झाली," म्हणाले. माझ्याकडे वळून, "ताई, आधी यायच्या पोरीचं करा, आधी यायच्या पोरीचं करा." मी केलं. बापाला स्क्रीन दाखवली. त्याच्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला, जणू पोरीला विहिरीतून वर काढली. काकांनी चहा मागवला, त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, जिन्यात पुन्हा एकदा हात जोडले. मी खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. त्यांना ज्याची एवढी शिसारी आली ते आम्ही होतो. त्या मुलीच्या बापाला माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघावंसंही वाटलं नाही.

काका परत येऊन बसले आणि घाम पुसला. मी म्हटलं, "आता आमचं करा."

"तुमचं काय?"

"माझ्या बहिणीचं. आणि तिच्यासारख्या सगळ्यांचं. ज्यांना तुम्ही हिंदू करून टाकलं त्यांचं."

काका गोंधळले. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला. ते म्हणाले, "पण तुमचं तर बरोबर हाये न ताई. त्यायचं चुकलं होतं."

मी काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. खालच्या दुकानातला माणूस वर येऊन डोकावून गेला एवढं आठवतं. मी म्हटलं, बरोबर कुणाच्या हिशोबाने? त्यांना चुकीच्या खणात टाकलं तर तुम्ही हात जोडता, आणि आम्हाला ज्या खणातून आम्ही बाहेर पडलो त्यात परत ढकललं तर ते बरोबर? त्यांच्यासाठी जिना उतरलात, आमच्यासाठी खुर्चीतून हलला नाहीत. काका म्हणाले, "तुमी राग नका मानू. मी काई मनानं नाई केलं. मशीनले नाव लागते म्हनून केलं."

"मशीनले नाव लागत नाई!" मी ओरडले. माझी वऱ्हाडी रागात बाहेर येते. "मशीन एवढंच म्हनते का पायरी सांगतली त् तिचं नाव सांग. पायरी सांगतलीच नाई त् ते विचारत बी नाई! त्याले कोनाची जात पाहिजे नाई, काका. तुमाले पाहिजे."

मग मी त्यांच्यासमोर ते करून दाखवलं. ओळीतून धर्म काढला, जात काढली. मुख्यपान, जिल्हा, नोंदणी क्रमांक. तीनच पायऱ्या उरल्या, त्यांना नवे अनुक्रमांक दिले, प्रत्येकीला नाव आणि पत्ता दिला. मग सर्च कंपनीची जी तपासणीची जागा असते तिथे बहिणीचं पान टाकून तपासलं. हिरवं. एकही त्रुटी नाही. यंत्राने एका शब्दाने विचारलं नाही की बाई, मधल्या पायऱ्या कुठे गेल्या. सगळा चहा तसाच निवत पडला होता.

काकांनी दुसरी पानं उघडून पाहिली. "हे त् सगळ्यायचीच काढली तुमी!"

"हो. सगळ्यांची."

"मी तुमच्या लोकायचीच काढा म्हनलं असतं."

"मग ज्याची ओळ तोकडी तो कोण, हे न विचारता कळलं असतं." काका हळू आवाजात म्हणाले, त्यांना दुसरा साइटवाला बघावा लागेल, लोक नाराज होतील. मी म्हटलं बघा. पर्स उचलली आणि उतरले. स्टेशनपर्यंत चालत गेले, ऑटोवाल्यांशी बोलायची माझी तयारी नव्हती.

पान दुरुस्त झालं म्हणून सर्चमधली ओळ लगेच बदलत नाही. यंत्र आपल्या सवडीने परत येतं, पान पुन्हा वाचतं, मग जुनं पुसतं. मी विनंती पाठवली होती, पण विनंतीला कुणी बांधील नसतं. रविवार उलटला, पाहुणे आले नाहीत. मामा रोज फोन करायचे, "अजून तेच दिसून रायलं," आणि मी रोज तेच समजावायची. शेवटी मुलानेच घरच्यांना मनवलं. एकदा भेटू, साइट सांभाळणारी बहीणच तिथे येणार आहे, तिच्याकडून ऐकू, असं तो म्हणाला म्हणे. बहिणीने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात पुन्हा ते हसू होतं.

पुढच्या रविवारी मी तिवश्याला गेले. बहीण आदल्या दिवशी धारणीहून परतवाडा, अमरावती असं करत संध्याकाळी पोचली होती, बसने हाडं खिळखिळी झालेली, तरी सकाळी उठून तिने घर झाडून काढलं होतं. पाहुणे तिघं आले. मुलगा, त्याचे वडील, आणि काठी टेकत आजोबा. आल्या आल्या आजोबांनी सगळ्यांना जयभीम केला आणि माझ्यासमोर बसले. "सांग बाई, काय झालं होतं?"

सुदैवाने त्याच सकाळी ओळ बदलली होती. मी मोबाइलवर दाखवली. मुख्यपान, अमरावती, नोंदणी क्रमांक. मग जुनं कसं झालं ते सांगितलं, काकांचं, आडनावांचं, सगळं. आजोबांनी विचारलं, "म्हंजे मशीननं केलं?"

"नाही आबा. मशीनने फक्त रिकामं दाखवलं. भरलं माणसाने."

आजोबांनी बराच वेळ मान हलवली. मग मामांकडे वळून म्हणाले, "माफ करजा. मी तुमाले नको ते बोललो." आणि ते नागपूरच्या दीक्षेचं सांगू लागले. बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी तो सोहळा पाहिला होता. दिसलं काहीच नाही, नुसती माणसांची डोकी आणि पांढरे कपडे. परत येताना गावाच्या वेशीपाशी बापाने खाली उतरवलं आणि सांगितलं, आता कुणी जात विचारली तर सांगायची नाही, आपल्याला ती नाही. आजोबांचे डोळे ओले झाले. मला ते फार आवडले. बहीण पोहे घेऊन आली, मुलाने तिच्या हातून बशी घेताना हळूच काहीतरी म्हटलं, आणि ती लाजली. झालं, जुळलं, असं मला वाटलं.

खाणं झाल्यावर मुलाचे वडील हात धुवायला मागच्या अंगणात गेले, मामा त्यांना पाणी द्यायला. मी टॉवेल घेऊन मागून गेले. बहीण माझ्या पाठीशी होती, हातात पाण्याचा तांब्या. आम्ही दारातच होतो तेव्हा मुलाचे वडील मामांच्या जवळ सरकून म्हणाले, "एक इचारतो भाऊ, मनात ठेवू नका. आपल्यातले तुमी नेमके कोनते?"

हा प्रश्न काय आहे ते मला समजावून सांगायला नको होतं. जात सोडली तरी तिच्या पोटातल्या पोटजाती आमच्यात अजून दबक्या आवाजात विचारल्या जातात. लग्नाच्या मांडवात, जेवणाच्या पंगतीत, बायकांच्या घोळक्यात. मी ऐकलेला आहे तो प्रश्न. आणि मामांनी तोंड उघडलं. ते सांगणार होते.

"बाबा, सांगू नका." बहीण माझ्या शेजारून पुढे गेली. ती मुलाच्या वडिलांकडे बघत होती. "काका, एका ओळीसाठी तुमी आमच्या घरावर संशय घेतला. माझ्या बापाले नको ते आयकवलं. आता तेच तोंडानं विचारून रायले?"

ते हसले. ओशाळं नाही, मोठ्या माणसाने लहान्याला समजवावं तसं हसले. "अवं पोरी, लिवणं येगळं, इचारणं येगळं. बाहेर आपण बौद्धच हाओ. घरातल्या घरात पाहा लागते."

आतून आजोबांचा आवाज आला, "काय इचारलं त्यानं?" मुलगा दारात येऊन उभा होता. बहिणीने त्याला विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

त्याने खाली बघितलं. "बाबा विचारतीन, हे माहीत होतं." आणि मग, "मले त्यानं काई फरक पडत नाई."

"मले पडते," ती म्हणाली.

आजोबा काठी टेकत अंगणात आले. सगळ्यांचे चेहरे पाहिल्यावर त्यांना कुणी सांगायची गरज राहिली नाही. मुलाच्या वडिलांना ते म्हणाले, "गाडी काढ." बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. जीप वळली, गल्लीतली पोरं तिच्यामागे पळाली, आणि मग घरात नुसता पोह्यांचा वास उरला.

मामा बाजेवर बसले. मग एकदम माझ्यावर नाही, बहिणीवर उखडले. "एवढं काय आभाळ कोसळलं होतं वं? एक शब्द त् सांगाचा होता. त्यायचं अन् आपलं एकच हाये. सांगतलं असतं त् आज साक्षगंधाची तारीख निघाली असती. स्थळ तुलेच आवडलं होतं न?"

बहिणीने तांब्या खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत आता पाणी आलं होतं, इतका वेळ नव्हतं. "आवडलं होतं," ती म्हणाली. "पण बाबा, त्यायचं अन् आपलं एकच हाये हे तुमाले कसं माहीत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही. मलाही ते ऐकायचं होतं.

"मी आधीच इचारून घेतलं होतं," मामा म्हणाले.

बहीण आत गेली आणि बॅग भरू लागली. भरता भरता तिने मला विचारलं, धारणीला जायला आज परतवाड्याहून शेवटची गाडी मिळेल का.